दारात गोठणारे पाय आणि चालताना घेतलेला ईईजी : नागपुरातलं एक नमुना-प्रकरण

पार्किन्सन असलेल्या माणसाचे पाय दाराच्या चौकटीत अचानक गोठतात. त्या दोन-चार सेकंदांत मेंदूत काय घडतं, आणि डोक्यावर लावलेल्या ईईजीतून, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीतून, ते खात्रीने सांगता येतं का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा रुग्णांमध्ये आणि अशा नोंदणीत नेहमी समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. रुग्णाबद्दलचे आणि निष्कर्षांतले आकडे त्या नमुन्यापुरतेच वाचावेत. नोंदणीची पद्धत, मापं आणि अडचणी मात्र अशा कामात रोज भेटणाऱ्या आहेत.

रुग्ण

वय ६६, बँकेतून निवृत्त, राहायला नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात. पार्किन्सनचं निदान होऊन ९ वर्षं झाली. होएन-यार मोजणीत टप्पा ३, म्हणजे तोल जातो पण आधाराशिवाय चालता येतं. लेव्होडोपा-कार्बिडोपा १००/२५ ची दीड गोळी दिवसातून पाच वेळा चालू. गोळीचा असर तीन तासांत उतरू लागतो आणि तेव्हाच पाय अडकतात. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ओपीडीत सांगितलं ते असं : “सडकेवर त चांगले चालते, दारापाशी आले का पाय चिकटूनच जाते यांचे. मांगून हात लावला त पडते.”

या दोन वाक्यांत निदानाचा अर्धा भाग आहे. मोकळ्या रस्त्यावर चाल बरी, अरुंद दारात बंद. आणि मागून रेटलं की पाय मागेच राहतात, धड पुढे जातं. चालायची इच्छा पूर्ण शाबूत असताना पाऊल पुढे न पडणं, याला चाल गोठणं म्हणतात. ते अशक्तपणा, गुडघेदुखी किंवा चक्कर यांपासून वेगळं काढावं लागतं. इथे स्नायूंची ताकद पूर्ण होती आणि एमआरआयमध्ये दुसरं कारण दिसलं नव्हतं.

एमआरआयच्या यंत्रात चालता येत नाही. तिथे झोपून पाय हलवल्याची कल्पना करायची असते आणि डोकं काही मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं. चालत्या माणसाचा मेंदू पाहायचा तर हाताशी दोनच सोयीची साधनं उरतात : विजेची नोंद करणारा ईईजी आणि कपाळावर लावायचा, प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पट्टा. हा पट्टा ७६० आणि ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतो, दिवा आणि ग्राहक यांत साधारण ३ सेंटीमीटर अंतर ठेवतो आणि पाच-सहा सेकंद उशिरा उत्तर देतो. दोन सेकंदांचं गोठणं त्यात हरवतं. म्हणून इथे तो दुय्यम ठेवला आणि खरा भार ईईजीवर टाकला.

आदल्या रात्रीपासून

परवानगीचं काम आधी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी, मराठीत लिहिलेलं संमतीपत्र, आणि ते वाचून दाखवताना घरचं माणूस हजर. त्यात एक वाक्य ठळक हवंच : या नोंदणीने उपचार बदलतीलच असं नाही.

औषध उतरलेल्या अवस्थेतली नोंद हवी असेल तर शेवटची गोळी संध्याकाळी ७ ला आणि नोंदणी सकाळी ७ नंतर, म्हणजे १२ तासांचं अंतर. हे न्यूरोलॉजिस्टच्या लेखी सूचनेनेच करायचं. ही फक्त एका रात्रीची गोष्ट आहे. औषध दिवसेंदिवस अचानक बंद ठेवलं तर ताप, प्रचंड ताठरपणा आणि गोंधळलेपण अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते, हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं. काकाजींना, म्हणजे रुग्णाला, आणायला चारचाकी, फाटकापासून व्हीलचेअर. औषधाविना ऑटोत चढता-उतरताना पडण्याचा धोका नोंदणीतल्या कुठल्याही टप्प्यापेक्षा मोठा असतो.

सकाळच्या नाश्त्याबद्दल नागपुरात नेमकं बोलावं लागतं. “हलकं काहीतरी खाऊन या” म्हटलं की माणूस तर्री-पोहे खाऊन येतो. तर्रीत चणे असतात, चण्यात प्रथिनं, आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यात तसंच मेंदूच्या वेशीवर लेव्होडोपाशी वाटेसाठी झगडतात. मग पुढे गोळी दिल्यावर असर यायला उशीर होतो आणि वेळापत्रक कोसळतं. नुसते पोहे, दूध नको, डाळ नको, असं शब्दशः लिहून दिलं.

दुसरी गोष्ट तेलाची. बाहेर जायचं म्हणून डोक्याला खोबरेल तेल चोपडून आणणं ही घरातली माया आहे, पण इलेक्ट्रोडसाठी ती भिंत ठरते. आदल्या रात्री दोनदा शाम्पू, नंतर काहीही नाही. कपाळावरचा अष्टगंधाचा टिळाही पुसावा लागतो, कारण प्रकाशाच्या पट्ट्याखाली तो प्रकाश शोषतो. देवपूजा करून आलेल्या माणसाला हे आदल्या दिवशी सांगणं हा साधा आदर आहे; तिथे खुर्चीत बसवून टिळा पुसू नये.

जागा आणि जोडणी

७ मीटरची सरळ वाट, मध्ये ६५ सेंटीमीटर रुंदीची लाकडी चौकट, उंबरठा नाही. कमरेला पकडपट्टा, छताच्या रुळावरून दोर, आणि फिजिओथेरपिस्ट अर्धं पाऊल मागे, बाजूला. फिजिओथेरपिस्टने वायरला हात लावायचा नाही.

टोपी ५६ सेंटीमीटरची, ३२ इलेक्ट्रोड. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतच्या अंतराचा मध्य आणि दोन कानांपुढच्या खाचांमधल्या अंतराचा मध्य जिथे मिळतो तो बिंदू सीझेड. पायांची हालचाल सांभाळणारा मेंदूचा भाग त्याच्याखाली, दोन गोलार्धांच्या फटीत असतो. टोपी एक सेंटीमीटर जरी घसरली तरी आपण वेगळ्याच जागेबद्दल बोलू लागतो. सुरुवातीला सीझेडवर त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विजेचा अडथळा ६० किलोओहमच्या वर होता. स्पिरिटने पुसून, बोथट टोकाने केस बाजूला सारून, जेल भरल्यावर तो १० च्या खाली आला. नमुने सेकंदाला ५००. वर्धक (ॲम्प्लिफायर) पाठीवर घट्ट बांधलेला, नोंद त्याच्याच आतल्या कार्डावर. नुसत्या वायरलेसवर विसंबलं तर नेमक्या वळणात माहितीचे तुकडे गळतात.

याशिवाय मानेच्या मागच्या स्नायूंवर चार इलेक्ट्रोड, नडगीपुढच्या स्नायूवर आणि पोटरीवर दोन्ही पायांना एकेक जोडी, आणि हालचाल मोजणारे चार सेन्सर : दोन नडग्यांवर, एक कमरेवर, एक डोक्यावर. यातला डोक्यावरचा सेन्सर आणि मानेचे इलेक्ट्रोड अनेक जण गाळतात. ते गाळले तर पुढचं बहुतेक सगळं विश्लेषण आधाराशिवाय उभं राहतं. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा खर्च होता.

यंत्रांची घड्याळं एकत्र चालत नाहीत. दोन घड्याळांत दहा लाखांत २० भाग एवढा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद सरकतात. म्हणून दर टप्प्याच्या आधी आणि नंतर एक बटण : दाबलं की ईईजीत खूण पडते आणि कॅमेऱ्यासमोर एलईडी पेटतो. व्हिडिओ सेकंदाला ५० चित्रांचा, म्हणजे २० मिलिसेकंदांपर्यंतची अचूकता मिळते.

एप्रिल-मेच्या नागपुरात खोली थंड ठेवणं हाही पद्धतीचाच भाग आहे. कूलर चालू असेल तर मोटरची ५० हर्ट्झची गुणगुण येते आणि दमट हवेत घाम सुकत नाही. घामाने ईईजीच्या रेषा हळूहळू वर-खाली तरंगतात, आणि तो दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये पूल बांधतो. मग दोन्ही रेषा हुबेहूब एकसारख्या दिसतात आणि मेंदूचा फरक नाहीसा होतो. खोली आधीपासून एसीने २४ अंशांपर्यंत आणून ठेवली, कूलर बंद, खिडक्यांना काळा कपडा. उन्हातले अवरक्त किरण प्रकाशाच्या पट्ट्याला आंधळं करतात.

कामं कशी दिली

प्रयोगशाळेत आलेला रुग्ण चांगला चालतो. घरी दहा वेळा अडकणारा माणूस इथे एकदाही अडकत नाही, कारण चार जण बघत असतात आणि प्रत्येक पाऊल तो लक्ष देऊन टाकतो. त्यामुळे गोठणं घडवून आणावं लागतं. जागच्या जागी पूर्ण वळण, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, असं दोन मिनिटं; अरुंद चौकट; आणि चालताना डोक्याला दुसरं काम.

हे दुसरं काम निवडताना माणूस बघावा लागतो. १०० मधून ७ वजा करत जाणं हा ठरलेला उपाय आहे, पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचा भारच पडत नाही. शिवाय मोठ्याने उत्तर दिलं की जबड्याचे आणि कानशिलाचे स्नायू ईईजीत शिरतात. इथे फळांच्या नावांची एक ध्वनिफीत लावली आणि “संत्रं” किती वेळा आलं ते मनात मोजून शेवटी सांगायचं ठरलं.

आज्ञेचाही प्रश्न होता. “चला काकाजी” हे दोन शब्द म्हणजे बाहेरून दिलेला इशाराच, आणि बाहेरचा इशारा मिळाला की पार्किन्सनमधला अडकलेला पाय अनेकदा सुटतो. आवाजाने ईईजीत स्वतःची लाटही उमटते ती वेगळीच. म्हणून निघायचं आपल्या मनाने : उभं राहायचं, थोडं थांबायचं, वाटेल तेव्हा चालू पडायचं. फक्त एका कामात आज्ञा ठेवली. चालताना मध्येच “थांबा” म्हटलं की थांबायचं. हे २० वेळा, चौकटीच्या आधी, दारात आणि पुढे, क्रम न सांगता. गोठणं आणि मुद्दाम थांबणं यांची तुलना केली नाही, तर पाय थांबल्यामुळे मेंदूत जे काही दिसेल त्यालाच गोठण्याचं कारण समजण्याची चूक हमखास होते.

औषधाविना नोंद पावणेआठ ते पावणेनऊ. मग दीड गोळी, तासभर विश्रांती, आणि पावणेदहापासून तीच कामं पुन्हा. टोपी काढली नाही, त्यामुळे जागा तीच राहिली. जेल सुकतं म्हणून अडथळा पुन्हा तपासला. अवगुण एवढाच की औषधाची फेरी नेहमी दुसरी येते आणि थकवा तिच्या माथी पडतो. म्हणून बसून दोन मिनिटांची शांत नोंद सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घेतली.

पहिलं उत्तर, आणि ते का टाकलं

व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे, चित्रागणिक पाहिला. औषधाविना २३ वेळा गोठणं : १५ वळताना, ६ दारात, २ निघताना. औषधानंतर ४. नडगीच्या सेन्सरवरून काढलेला निर्देशांक, म्हणजे ३ ते ८ हर्ट्झमधली ऊर्जा भागिले ०.५ ते ३ हर्ट्झमधली ऊर्जा, त्याच जागी वर गेला. इथवर सगळं जुळलं.

मग ईईजी. गोठण्याच्या क्षणी सीझेड आणि आजूबाजूला ४ ते ७ हर्ट्झच्या थीटा पट्ट्यात, म्हणजे त्या वारंवारतेच्या लहरींत, ठळक वाढ. चित्र देखणं होतं, आणि गोठताना थीटा वाढतो असं सांगणारे अभ्यास प्रसिद्धही आहेत. इथेच थांबून लेख लिहून टाकण्याचा मोह होतो.

पण गोठलेले पाय बहुतेक वेळा शांत नसतात. ते जागच्या जागी थरथरतात, आणि त्या थरथरीचा वेग असतो ३ ते ८ हर्ट्झ. थरथर धडातून मानेत, मानेतून टोपीत, टोपीतून वायरीत पोचते. थीटाचा पट्टा आणि थरथरीचा पट्टा एकावर एक बसतात. गाळणी लावून ही दोन वेगळी काढता येत नाहीत, कारण वारंवारता एकच आहे.

तीन तपासण्या केल्या. पहिली, डोक्यावरच्या सेन्सरची ईईजीशी जुळणी : ५ हर्ट्झच्या आसपास दोन्ही हातात हात घालून चालत होते. दुसरी, गोठण्याचे दोन गट : पाय थरथरत होते असे १८ आणि पाय पूर्ण निश्चल होते असे ५. थीटाची वाढ पहिल्या गटात स्पष्ट, दुसऱ्यात जवळजवळ नाही. तिसरी, डोक्यावरची जागा : वाढ सीझेडपेक्षा मागे, मानेलगतच्या इलेक्ट्रोडवर अधिक होती. मेंदूतल्या पायाच्या भागातून आलेली लाट तिथे जास्त दिसायचं कारण नाही. तिन्ही बोटं एकाच दिशेला होती आणि तो निष्कर्ष सोडून दिला. पाच निश्चल प्रसंग फार थोडे आहेत, त्यामुळे थीटा वाढतच नाही असंही यातून ठरत नाही. या नोंदीतून ते सांगता येत नाही, एवढंच ठरतं.

४ हर्ट्झच्या खालच्या पट्ट्याचं तर नावही काढू नये. मिनिटाला १०८ पावलं म्हणजे सेकंदाला १.८, त्याच्या दुप्पट-तिप्पट पटी सगळ्या ईईजीत सांडतात.

स्वच्छता

पुढच्या साफसफाईत क्रम महत्त्वाचा. १ हर्ट्झच्या खालचं काढलं, ५० हर्ट्झची वीज-गुणगुण काढली, दोन मेलेले इलेक्ट्रोड वगळले, नमुने सेकंदाला २५० वर आणले. मग मोठे धक्के दुरुस्त करणारी पद्धत २० प्रमाण-विचलनांच्या मर्यादेवर चालवली. ही मर्यादा ५ वर आणली तर रेषा सुंदर होतात, पण त्यासोबत मेंदूही धुऊन निघतो.

नंतर स्वतंत्र घटक वेगळे करणारं आयसीए. याला माहिती भरपूर लागते : इलेक्ट्रोडच्या वर्गाच्या किमान २० ते ३० पट नमुने. ३२ चा वर्ग १,०२४. तीसपट म्हणजे ३०,७२० नमुने, २५० च्या वेगाने जेमतेम दोन मिनिटं. इथे तासभराची नोंद असल्याने अडचण नव्हती. अडचण येते ती केवळ गोठण्याचे तुकडे कापून त्यांवर आयसीए चालवणाऱ्यांना. सगळ्या सलग नोंदीवर चालवावं, तुकडे नंतर करावेत.

तीस घटकांतून डोळ्यांची उघडझाप, मान, जबडा, हृदयाचे ठोके वजा जाता मेंदूचे म्हणावेत असे ७ उरले. कसोटी अशी : घटकाचा उगम कवटीच्या आत बसतो का, आणि तिथून न जुळणारा भाग १५ टक्क्यांहून कमी आहे का. मानेच्या इलेक्ट्रोडशी जुळणारा घटक, कितीही आकर्षक असला तरी बाहेर.

जे उरलं

१३ ते ३० हर्ट्झचा बीटा पट्टा हालचालीशी बांधलेला आहे. १९४९ मध्ये मॉन्ट्रियलला हर्बर्ट जॅस्पर आणि वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेत उघड्या मेंदूवर नोंद घेऊन दाखवलं की हालचाल सुरू होताना ही लय मावळते. हालचाल संपली की ती उसळून परत येते. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या खोल केंद्रांतला बीटा अवाजवी वाढलेला असतो आणि लेव्होडोपाने तो उतरतो.

इथेही औषधाविना निघताना सीझेडखालच्या घटकात बीटाची घसरण उथळ होती, औषधानंतर खोल झाली. तीन शांत नोंदींत मोठा फरक नव्हता, त्यामुळे हा बदल थकव्याचा नसावा. “थांबा” ऐकल्यावर बीटा आज्ञेनंतर वर गेला, अपेक्षेप्रमाणे. दारात गोठताना मात्र तो पाय अडकण्याच्या साधारण एक सेकंद आधीपासून चढू लागला होता. मानेच्या स्नायूंची क्रिया त्या सेकंदात वाढलेली नव्हती, म्हणून हा चढ जपून ठेवण्याजोगा वाटला.

तरी एक तपासणी बाकी होती. गोठण्याआधी पावलं आखूड आणि घाईची होत जातात. मग हा चढ गोठण्याचा की आखूड पावलांचा? त्यासाठी दाराशी पावलं आखूड झाली पण अडकली नाहीत असे ९ प्रसंग वेगळे काढले. त्यांतही बीटा चढलेला होता, थोडा कमी. म्हणजे हा चढ “आता पाय गोठणार” असा इशारा नाही. चाल बिघडू लागल्याची ती खूण आहे. यावरून गोठण्याआधी इशारा देणारं यंत्र बनवलं तर ते अडकत नसतानाही वाजत राहील. कपाळावरच्या पट्ट्यात चौकट आणि मोजणी एकत्र असताना ऑक्सिजन वाढलेला दिसला, त्यापलीकडे त्यातून काही निघालं नाही.

पुढच्या नोंदणीसाठी बदल ठरले ते यावरूनच. दारातले प्रसंग वाढवायचे आणि वळणं कमी करायची, कारण वळताना मान फिरते आणि माहिती वाया जाते. “थांबा” ची संख्या २० वरून ४० करायची. आखूड पावलं मुद्दाम टाकायला लावणारी एक फेरी घालायची. असं काम न्यूरोलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि सिग्नल समजणारा अभियंता एका खोलीत असतील तरच धड होतं. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानचं एम्स आणि व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था एकाच शहरात असलेल्या नागपूरला ते अवघड नसावं.

घरासाठी मात्र दुसऱ्या नोंदणीची वाट पाहायची गरज नव्हती. दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करायचं का, हे ईईजीने ठरत नाही. न्यूरोलॉजिस्टने दिवसभराच्या नोंदवहीवरून ते ठरवलं. फरशी शहाबादी, करड्या रंगाची, म्हणून पिवळी टेप घेतली : अडीच सेंटीमीटर रुंद, चालण्याच्या दिशेला आडवी, दर ४५ सेंटीमीटरला एक, न्हाणीघराच्या दाराआधी दोन मीटरपासून दारापलीकडे एक मीटरपर्यंत. पाऊल पट्टीवर नाही, पट्टी ओलांडून टाकायचं. उंबरठ्यावर टेप लावायची नाही, तिथे पाय अडखळतो. आणि काकूंना सांगितलं की पाय अडकले तर मागून हात लावू नका. बाजूला उभं राहून “थांबा, वजन डाव्या पायावर घ्या, आता उजवा उचला” एवढंच म्हणा.